ट्रॉलीवरचे बिनतारी एरिअल

बिनतारी संदेशयंत्राचे नाव काढले की पाहणाऱ्याची दृष्टी त्या यंत्राच्या पेटीकडे वळते. तिच्यावरील दिवे, आकडे व कळा पाहून तो थक्क होतो. पण पेटीतून निघून छपरावर गेलेल्या साध्या तारेकडे क्वचितच कोणी पाहतो. वास्तविक पाहता पेटी कितीही मोलाची असो, ती तार चुकीच्या लांबीची अथवा चुकीच्या जागी असेल, तर सारा खर्च पाण्यात जातो. या तारेस किंवा दांडीस एरिअल अथवा अँटेना म्हणतात. घराच्या छपरावर एरिअल उभारणे सोपे, कारण घर जागचे हलत नाही. तेच एरिअल चाकांच्या गाडीवर बसवावयाचे झाल्यास काय करावे, हा आजच्या पाठाचा विषय होय.

परदेशांत मोटारीमागे जोडावयाची फिरती घरे असतात व हौशी बिनतारी मंडळी, ज्यांस 'हॅम' म्हणतात, त्यांवर आपली एरिअले बसवितात. महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या, म्हणजे कॅरॅव्हॅनच्या, पर्यटनाचे धोरण जाहीर केले. तथापि आपल्या सायखेड्याच्या पंचक्रोशीत चाकांवरचे जे वाहन दारोदारी आहे ते म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली. द्राक्षे, कांदा व ऊस वाहणारी ही ट्रॉली आम्ही उदाहरणादाखल घेतो. तत्त्व दोन्हींचे एकच आहे.

हे शिकून आपणांस काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर गोदावरीच देते. नाशिककडून गंगापूर धरणाचे पाणी व दारणेचे पाणी एकत्र होऊन आपल्या उंबऱ्याशी येते. ऑगस्ट २०१६ मध्ये व पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये पुराचे पाणी सायखेडा व चांदोरी या दोन्ही गावांत शिरले, हे आपणांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पुराच्या वेळी वीज बंद करावी लागते. मोबाईलचा मनोरा त्याच्या बॅटरीवर काही तास चालतो, नंतर तोही मुका होतो. अशा वेळी उंच जागी नेऊन उभी केलेली एक ट्रॉली, तिच्यावरचे एरिअल आणि परवानाधारक हॅम एवढी सामग्री असेल, तर गावाचा निरोप बाहेर जाऊ शकतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीस भूकंप झाला, तेव्हा हॅम मंडळींनी भूकंपग्रस्त भागात आपली केंद्रे उभारून निरोपांची ने-आण केली. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, त्या वेळी भारती प्रसाद या हॅम भगिनी आपल्या सहकाऱ्यांसह पोर्ट ब्लेअर येथे हजर होत्या व त्यांच्या केंद्रावरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर पोहोचले.

पूर्वेतिहास

हलत्या एरिअलची कल्पना बिनतारी विद्येइतकीच जुनी आहे. १९०१ साली मार्कोनीने वाफेवर चालणाऱ्या एका गाडीवर बिनतारी यंत्र बसविले. तिच्या छपरावर धातूचे उंच नळकांडे हेच एरिअल होते आणि गाडी चालू लागण्यापूर्वी ते आडवे करून ठेवीत. त्याच वर्षी १२ डिसेंबर रोजी न्यूफाउंडलंड बेटावर त्याने अटलांटिक महासागरापलीकडचा संदेश ऐकला, तेव्हा त्याच्या एरिअलची तार पतंगाने उचलून धरली होती. येवल्याची संक्रांत पाहिलेल्या आपल्या मुलांस या युक्तीचे विशेष कौतुक वाटेल. परंतु येथे विजेच्या तारांचे जाळे पसरलेले असल्यामुळे तिचे अनुकरण कोणीही करू नये, हे येथेच बजावून ठेवतो.

आपल्या देशातील उदाहरण अधिक जवळचे आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईस गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. त्याच्या चालकांत उषा मेहता या अवघ्या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनी अग्रभागी होत्या. पोलिसांस सुगावा लागू नये म्हणून यंत्र वारंवार एका घरातून दुसऱ्या घरात हलवावे लागे. म्हणजे एरिअलही प्रत्येक ठिकाणी नव्याने लावणे आलेच. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी ते केंद्र पोलिसांच्या हाती पडले. या रेडिओची लहर ४२.३४ मीटर लांबीची होती. हा आकडा लक्षात ठेवा. पुढील गणितात तो कामास येईल.

लांबीचे गणित

बिनतारी लहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका सेकंदात सुमारे ३० कोटी मीटर, धावतात. एका सेकंदात जितकी आंदोलने होतात ती संख्या म्हणजे वारंवारता. दर सेकंदास दहा लक्ष आंदोलने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. यावरून सोपे सूत्र निघते: ३०० ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागावे, म्हणजे लहरीची लांबी मीटरांत मिळते. काँग्रेस रेडिओच्या ४२.३४ मीटरांस हेच सूत्र उलट लावले, तर वारंवारता सुमारे ७.०८ मेगाहर्ट्झ येते. आज हॅम मंडळींस जो '४० मीटरांचा पट्टा' मोकळा आहे, त्यातच हा आकडा बसतो.

एरिअल उत्तम काम केव्हा करते? त्याची लांबी लहरीच्या अर्ध्याइतकी किंवा पावपट असते तेव्हा. झोका देणारा मनुष्य योग्य क्षणी धक्का देतो तर थोड्या बळाने झोका उंच जातो, अवेळी दिला तर बळ फुकट जाते. तद्वत् तारेची लांबी लहरीशी जुळली की थोड्या शक्तीतून पुष्कळ काम होते. याचा पडताळा घरच्या रेडिओवर घ्या. नाशिक आकाशवाणीचे एफ.एम. केंद्र १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. ३०० भागिले १०१.४ म्हणजे जवळजवळ २.९६ मीटर, त्याची पावपट ७४ सेंटिमीटर. लहान रेडिओची ओढून लांब करावयाची दांडी इतकी किंवा याहून काहीशी आखूड का असते, ते आता ध्यानी येईल.

हॅम मंडळींच्या उपयोगाचे दोन पट्टे आपण घेऊ. पहिला २ मीटरांचा. १४५ मेगाहर्ट्झवर लहर २.०७ मीटरांची, तिची पावपट सुमारे ५२ सेंटिमीटर. धातूच्या जाडीमुळे व टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्ष दांडी शेकडा पाच इतकी आखूड ठेवावी लागते. म्हणजे ४९ सेंटिमीटर. दुसरा पट्टा ४० मीटरांचा. ७.१ मेगाहर्ट्झवर लहर ४२.२५ मीटर, तिची निम्मी २१.१, त्यातून शेकडा पाच वजा केल्यास तार सुमारे २० मीटर येते. ती मध्यावर तोडून दोन्ही भुजा दहा-दहा मीटरांच्या करावयाच्या व मधोमध यंत्राची केबल जोडावयाची. यास द्विध्रुव एरिअल म्हणतात.

कोणता पट्टा कशास

२ मीटरांच्या लहरी बव्हंशी सरळ जातात व क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. एरिअलची उंची मीटरांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व ४.१२ ने गुणावे, म्हणजे त्या लहरींचे क्षितिज किती किलोमीटरांवर आहे ते कळते. ४ मीटर उंचीस ते सुमारे सव्वाआठ किलोमीटर, ९ मीटरांस सुमारे साडेबारा. दोन्ही बाजूंची क्षितिजे मिळवली की संभाषणाचा पल्ला निघतो. यावरून दिसेल की उंची दुप्पट केल्याने पल्ला दुप्पट होत नाही. त्यासाठी ती चौपट करावी लागते. गावातल्या गावात, नदीच्या दोन काठांमध्ये व आसपासच्या वस्त्यांशी बोलण्यास हा पट्टा चांगला.

मुंबई, पुणे किंवा छत्रपती संभाजीनगर येथे निरोप धाडावयाचा असेल तर मधे डोंगर आहेत. तेथे ४० मीटरांची लहर उपयोगी पडते. पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर सूर्यकिरणांमुळे विद्युद्भारित झालेला हवेचा थर आहे. त्याचे अस्तित्व अ‍ॅपल्टन या शास्त्रज्ञाने १९२४ साली प्रयोगाने सिद्ध केले व पुढे १९४७ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. द्विध्रुव एरिअल जमिनीपासून फार उंच नसले, तर त्याच्या लहरी बऱ्याचशा सरळ वर जातात व या थरावरून परतून कारंज्याच्या पाण्यासारख्या चोहोंकडे खाली पडतात. त्यांस सह्याद्रीचा अडथळा होत नाही. म्हणजे या कामी खांब ठेंगणा असणे हे व्यंग नव्हे, सोयच आहे. दिवसा ही युक्ती चांगली चालते. रात्री तो थर विरळ झाला म्हणजे जवळच्या गावांसाठी सुमारे ८० मीटरांच्या लहरीकडे वळावे लागते.

गाडीचा पत्रा हेच अर्धे एरिअल

पावपट दांडी एकटी काम करीत नाही. तिच्याखाली धातूचा विस्तार लागतो. आरशासमोर ठेवलेल्या अर्ध्या चित्राचे जसे पूर्ण चित्र दिसते, तशी ही दांडी पत्र्यामुळे पूर्ण होते. म्हणून मोटारीच्या किंवा फिरत्या घराच्या लोखंडी छपराचा मध्य ही २ मीटरांच्या दांडीची उत्तम जागा होय. दांडी एका कोपऱ्यावर बसविली, तर पत्रा ज्या दिशेस अधिक पसरला आहे त्या दिशेस आवाज अधिक जातो. फिरत्या घराचे छप्पर फायबरचे किंवा लाकडी असेल, तर दांडीखाली पत्रा घालावा, अथवा चार दिशांस सुमारे अर्ध्या मीटरच्या चार तारा पसराव्या.

ट्रॉलीस छप्पर नसते. हौद्याच्या तळाशी दांडी लावावी तर चारही बाजूंचे पत्रे तिला झाकतात. यास्तव दांडी खांबाच्या माथ्यावर न्यावी व तिच्या बुडाशी त्याच चार तारा छत्रीच्या काड्यांप्रमाणे तिरप्या खाली सोडाव्या. तारा तशा तिरप्या केल्याने एरिअलचा विद्युत्‌रोध ५० ओहमच्या जवळ येतो, आणि हॅम यंत्रे व त्यांची केबल ५० ओहमचीच असते, हा दुहेरी लाभ आहे.

४० मीटरांच्या पट्ट्यास मात्र ट्रॉली हे पुरेसे पीठ नव्हे. तिची लांबी तीनचार मीटर आणि लहर बेचाळीस मीटरांची! दोन मीटरांच्या दांडीस तारेचे वेटोळे जोडून ती जुळविता येते. पण तसे केल्यास यंत्रातून निघालेल्या शक्तीचा बहुतेक भाग उष्णतेत जातो. म्हणून गाडी थांबवून द्विध्रुव तार पसरणे हाच चांगला मार्ग.

खांबाची उभारणी

खांब कशाचा? वाळलेला बांबू हलका, स्वस्त व विजेचा दुर्वाहक आहे. लोखंडी पाइप टिकाऊ, पण जड. खांब ट्रॉलीवर धरण्याच्या दोन रीती सांगतो.

पहिली रीत बिजागरीची. ट्रॉलीच्या पुढील कोपऱ्यावर दोन लोखंडी अँगल समोरासमोर उभे बोल्टने आवळावे व त्यांच्यामध्ये खांब बसवून एक बोल्ट खाली, एक वर घालावा. वरचा बोल्ट काढला की खांब खालच्या बोल्टावर फिरून आडवा होतो. दुसरी रीत चाकाखालच्या पाटीची. जाड लोखंडी पाटीच्या एका टोकास पाइपाचा उभा तुकडा वेल्डिंगने जोडावा. पाटी जमिनीवर ठेवून ट्रॉलीचे चाक तीवर आणावे. बाहेर राहिलेल्या तुकड्यात खांब उभा करावा. ट्रॉलीचे सारे वजनच पाटीस दाबून धरते आणि गाडीस एकही छिद्र पाडावे लागत नाही. उसनी किंवा भाड्याची ट्रॉली असेल तर हीच रीत श्रेयस्कर.

प्रथम ट्रॉली सपाट, कठीण जागी उभी करून चाकांच्या पुढेमागे दगड लावावे. खांबास वरच्या तिसऱ्या भागातून तीन नायलॉनचे दोर बांधून ते सारख्या कोनांत, म्हणजे १२०-१२० अंशांवर, खुंट्यांस ताणावे. दोनच दोर असले तर खांब दोन दिशांस मोकळा राहतो. तीन दोरांत तो कोणत्याही वाऱ्यास पुरून उरतो. लोखंडी तारेचे ताण वापरू नयेत, कारण तेही लहरी शोषू लागतात. माथ्यापासून द्विध्रुवाच्या दोन भुजा दोन बाजूंस उतरत्या सोडाव्या व टोकांस नायलॉन दोरी बांधून ती खुंटीस अडकवावी. टोकांशी विजेचा दाब फार असतो; म्हणून ती जमिनीपासून किमान अडीच मीटर उंच, मुलांच्या व गुरांच्या आटोक्याबाहेर ठेवावी.

जागा किती लागेल? खांब ७ मीटर, टोक २.५ मीटर, उतार ४.५ मीटर. भुजा १० मीटर हा कर्ण. पायथागोरसच्या सिद्धान्ताने १०० मधून २०.२५ वजा करून वर्गमूळ काढावे. प्रत्येक बाजूस जवळजवळ ९ मीटर येतात. म्हणजे १८ मीटर लांबीची मोकळी पट्टी हवी. वर्गात शिकलेली भूमिती मैदानावर अशी उपयोगी पडते.

केबल, पाणी व बॅटरी

केबल शक्य तितकी आखूड असावी. बारीक केबलच्या १० मीटरांत १४५ मेगाहर्ट्झवरील शक्तीचा सुमारे तिसरा हिस्सा नाहीसा होतो. ७ मेगाहर्ट्झवर मात्र दहावा हिस्साही जात नाही. सांध्यांत पाणी शिरले की केबल वाया जाते. सबब सांधे रबरी पट्टीने गुंडाळावे व यंत्राकडे येण्यापूर्वी केबलला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकून जाते. जेथे धातूला धातू जोडावयाचा तेथील रंग व गंज खरवडून काढल्यावाचून जोड विश्वासाचा होत नाही.

ट्रॅक्टरची बॅटरी १२ व्होल्टची असते. १०० वॅटचे यंत्र बोलताना सुमारे २० अँपिअर व ऐकताना सुमारे १ अँपिअर प्रवाह घेते. तारेचा रोध ०.०५ ओहम एवढाच असला तरी २० अँपिअरला एक पूर्ण व्होल्ट वाटेतच जातो, हे ओहमचा नियम सांगतो. म्हणून तार जाड घ्यावी व फ्यूज बॅटरीच्या अगदी लगत लावावा. येथे ट्रॅक्टरचा एक गुण सांगण्याजोगा आहे. पेट्रोलच्या एंजिनात ठिणगी पडते व तिची खरखर बिनतारी यंत्रात ऐकू येते. डिझेल एंजिनात ती ठिणगीच नसते.

प्राणसंकट कोठे आहे

पालकमंडळींनी हा भाग स्वतः वाचून मुलांस समजावून सांगावा, अशी आमची विनंती आहे. आपल्या शेतांवरून ११,००० व्होल्टच्या तारा गेलेल्या आहेत व कित्येक ठिकाणी त्या झोळ पडून खाली आल्या आहेत. खांब उभारताना त्याचे टोक तारेस लागले, तर धरणाऱ्या सर्वांचे प्राण एका क्षणात जातात. वाळका बांबूही ओला झाला की रक्षण करीत नाही. जमिनीत ठोकलेली आर्थिंगची सळई यापासून वाचविते, असेही कोणी समजू नये.

आमचा नियम असा: खांबाची उंची, त्यात सैल सुटू शकणाऱ्या भुजेची लांबी, आणि वर ३ मीटर. वरील उदाहरणात ७, १० व ३ मिळून २० मीटर. इतक्या अंतराच्या आत कोणत्याही दिशेस विजेची तार असेल, तर ती जागा सोडावी, मग ती कितीही सोयीची असो. पुराच्या दिवसांत वीज बंद आहे असे गृहीत धरून तारेजवळ जाऊ नये. ती केव्हा सुरू होईल, हे खांब धरणाऱ्यास कळत नाही. ट्रॉली पाण्यात घालू नये. पाणी चढण्यापूर्वी उंचवट्यावर न्यावी.

दुसरे संकट आकाशातील विजेचे. ढग दाटून येण्यापूर्वीच खांब उतरवावा व केबल यंत्रापासून सोडवावी. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागावे; येणारे उत्तर हे विजेचे किलोमीटरांतील अंतर. मोजणी तीस सेकंदांहून कमी भरली, तर खांबास हात न लावता पक्क्या घरात जावे. तिसरी सूचना साधी, पण सर्वांत अधिक विसरली जाणारी: खांब आडवा करून बांधल्याखेरीज ट्रॉली एक पाऊलही हलवू नये. मार्कोनीच्या चालकांस हा नियम १९०१ सालीच ठाऊक होता.

परवाना

ऐकणे व बोलणे यांत कायद्याने मोठा भेद आहे. हॅम यंत्रावर बोलण्यास केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षे पूर्ण झालेली मुलेही तो मिळवू शकतात. उत्तीर्ण झालेल्यास 'व्ही.यू.' या अक्षरांनी आरंभ होणारे स्वतंत्र संकेतनाम मिळते. भारतात १९२१ साली कलकत्त्यास अमरेंद्र चंद्र गुप्तू यांनी हे केंद्र प्रथम चालविले. त्यांच्यापासून ही परंपरा आहे. या परवान्यावर धंद्याचे संभाषण करता येत नाही. ही हौस आहे, पण नियमांनी बांधलेली हौस आहे. पूर येईल त्या दिवशी परीक्षेस बसता येत नाही व खांब उभारण्याचा सरावही त्या दिवशी करता येत नाही. या दोन्ही गोष्टी उन्हाळ्यातच कराव्या लागतात.

अभ्यासासाठी

१. १४.२ मेगाहर्ट्झवरील द्विध्रुव एरिअलची प्रत्यक्ष लांबी काढा. ती ४० मीटरांच्या एरिअलच्या एका भुजेशी ताडून पाहा.

२. खांब ६ मीटर, भुजा १० मीटर व टोके जमिनीपासून २.५ मीटर असल्यास मोकळी पट्टी किती लांब लागेल? विजेच्या तारेपासून ट्रॉली किती दूर हवी?

३. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीतील निम्माच साठा वापरावयाचा आहे. वर दिलेले यंत्र वीस तास ऐकण्यास लावले, तर उरलेल्या साठ्यात किती वेळ बोलता येईल? त्या वेळात प्रत्येकी एक मिनिटाचे किती निरोप पाठविता येतील?

४. आपल्या घरापासून किंवा मळ्यापासून पुराचे पाणी पोहोचत नाही अशी सर्वांत जवळची जागा वडीलधाऱ्यांस विचारून शोधा. तेथून विजेच्या तारा किती अंतरावर आहेत ते लांबूनच, पावलांनी मोजून, वहीत टिपून ठेवा.